फरसाणच्या पिशवीतलं पीस

नाशिक, रविवार रात्र

प्रिय पक्या,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. मी लॅबमध्ये होतो, आईनं कुरिअर घेतलं, फोडलं आणि लगेच मला फोन, अरे पक्यानं कोंबडीचं पीस कशाला पाठवलंय? मी म्हटलं कोंबडी नाही गं, कुरव आहे, समुद्रावरचा, मेलेला. तर म्हणे, आधी सांगायचं ना, आता हात धुते. संध्याकाळी बघितलं, मोठं पंखाचं पीस, राखाडी-पांढरं, टोकाला काळं, आणि ते तू फरसाणच्या रिकाम्या पिशवीत भरलंयस बाबा! अजून शेवेचा वास मारतोय. द्राक्षाचं सॅम्पल असं आलं असतं तर मी गेटवरूनच परत लावलं असतं.

तू म्हणतोस हर्णैच्या वाळूत सापडला, अंगावर जखम नाही, तर विषानं मेला का ते तुमच्या मशीनवर टाकून बघ. अरे आमचं मशीन फवारणीच्या औषधांचे अंश शोधतं, पाऱ्या-शिशाला वेगळं लागतं. आणि पारा निघाला तरी पक्षी त्यानंच मेला हे एका पिसावरून कोणी सांगू शकत नाही. पण विषय काही डोक्यातून जाईना, दोन रात्री वाचत बसलो, आणि मला आपलं २०१० साल आठवलं.

सीसीसी, म्हणजे ते क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायचं औषध, आठवतंय ना? खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला सगळेच मारायचे, आमचे बाबाही. आणि त्या वर्षी युरोपात माल अडकला, द्राक्षात सीसीसी सापडलं म्हणून. बाबा ओट्यावर बसून एकच म्हणायचे, उन्हाळ्यात पानावर मारलेलं फेब्रुवारीत मण्यात आलं कुठून? वेलीनं ते धरून ठेवलं होतं, दुसरं काय. मी या धंद्यात पडलो तो त्या प्रश्नामुळंच.

तर पक्ष्यांचंही असंच धरून ठेवणं आहे. कोळसा कुठंही जळो, त्यातला पारा हवेत जातो, फिरून समुद्रात पडतो, तिथले जीवाणू त्याचा मिथाइल मर्क्युरी करतात, मग तो बारीक जीवांत, त्यांना खाणाऱ्या माशात, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात, असा पायरीगणिक वाढत जातो आणि वरच्या पायरीवर पक्षी बसलेला असतो. पण त्याच्याकडं एक सोय आहे. नवं पीस फुटतं तेव्हा रक्तातला पारा त्यात जाऊन चिकटतो, पीस पूर्ण वाढलं की त्याचा रक्तपुरवठा बंद, म्हणजे आत गेलेला पारा आतच, पीस झडलं की तेवढी सुटका. मादीचा थोडा अंड्यातूनही जातो, म्हणजे पिल्लाच्या वाट्याला. कॅडमियमला मात्र ही वाट फारशी नाही, ते मूत्रपिंडात साठत राहतं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐक. अमेरिकेतल्या म्युझियममध्ये काळ्या पायांच्या अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची जुनी कातडी ठेवलेली आहेत, साधारण १२० वर्षांच्या काळात गोळा झालेली, त्यांची पिसं तपासली, २०११ मध्ये छापून आलं. तर गंमत अशी की कीड लागू नये म्हणून पूर्वी म्युझियमवालेच कातड्यांना पाऱ्याचं औषध लावायचे! म्हणजे नुसता पारा मोजला तर समुद्राचा किती आणि कपाटातला किती, काय कळणार? म्हणून त्यांनी मिथाइल मर्क्युरी वेगळा काढून मोजला, तो फक्त खाण्यातूनच येतो, आणि तो काळाबरोबर वाढलेला निघाला. तुझ्या शेवेच्या पिशवीवर मी का चिडलो ते आता कळलं असेल.

शिशाची गोष्ट वाचून मात्र पोटात कालवलं. पॅसिफिकमध्ये मिडवे नावाचं बेट आहे, तिथं नौदलाच्या जुन्या इमारतींचा शिशाचा रंग पोपडे होऊन पडायचा, शेजारीच घरट्यात लेसन अल्बाट्रॉसची पिल्लं बसलेली, दिसेल ते चोचीत घेणारी. शिसं नसांत भिनलं की पंख उचलता येत नाहीत, जमिनीवर लोंबत राहतात. उडताच येत नाही, म्हणजे संपलंच. त्याच बेटावरच्या विस्डम नावाच्या मादीच्या पायात १९५६ मध्ये कडं घातलं होतं, ती सत्तरीपर्यंत पोचली. एवढं आयुष्य असतं रे त्यांचं.

डीडीटी या कीटकनाशकाचं तुला माहितीय, त्यानं अंड्याचं कवच पातळ होतं. कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनांनी साडेपाचशेच्या आसपास घरटी केली आणि पिल्लू जगलं एक. आई अंडं उबवायला बसली की तिच्याच वजनानं ते फुटायचं. पण बंदी आल्यावर फरक पडला हेही लिहितो, नाहीतर म्हणशील हा रडतच असतो. बाल्टिक समुद्रात स्टोरा कार्ल्सो बेटावर गिलमॉट पक्ष्यांची अंडी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तपासतात, त्यात डीडीटी उतरत गेलं, कवच परत जाड झालं. त्याच अंड्यांत त्याच काळात पीएफओएस वाढत गेलं म्हणा, ते डाग न धरणाऱ्या कापडात आणि आग विझवायच्या फेसात वापरायचे ते. एक उतरलं तर दुसरं चढलं. आमच्याकडंही औषधांची यादी अशीच बदलत असते.

आज सकाळी नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आलो. एक नदी सुरय बंधाऱ्यावर घिरट्या घालत होता, थांबला, सरळ खाली सुटला, बोटभर चंदेरी मासोळी घेऊन वर. वरच्या अंगाला सगळ्या बागा, गोदावरी आणि कादवा दोन्हींचं पाणी तिथं येतं. खूप वेळ बघत बसलो.

पुढच्या वेळी असं काही दिसलं तर हात लावू नकोस, आधी वनखात्याला फोन कर. कारण पिसं उचलून घरी ठेवणंही कायद्यात बसत नाही, आणि तू तर कुरिअर केलंस! ते म्हणाले नमुना घ्या तरच घे, तोही छातीची बारकी पिसं, कारण पंखातल्या प्रत्येक पिसात पारा कमीजास्त असतो, आणि कागदी पाकिटात, वर तारीख आणि जागा. हे पीस मी उद्या इथल्या वनखात्याच्या ऑफिसात नेऊन देतो आणि बोलणी खातो तुझ्या नावानं.

आईनं बेदाणे बांधून ठेवलेत, बुधवारी पाठवतो.

तुझा,
बाळ्या