मोजमाप सोडून माणसांकडे वळलेले जहाज

नौदलाच्या सर्वेक्षण जहाजाने भर समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांची सुटका केल्याची बातमी वाचली आणि ऊर भरून आला. खानापुरात राहणाऱ्याला समुद्राचे काय, असे कुणी म्हणेल. पण माझे आजोळ मालवणचे. मामांच्या ट्रॉलरचे इंजिन एकदा बंद पडले, वायरलेसही चालेना. दोन रात्री ते वाहत राहिले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणले. उतरले तेव्हा मिठाने ओठ फाटलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मामीने दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

सर्वेक्षण जहाजाचे मूळ काम लढाईचे नव्हे. ‘सोनार’ या ध्वनिलहरींच्या यंत्राने समुद्रतळाची खोली मोजायची, खडक आणि बुडालेली जहाजे हुडकायची. त्या मोजमापांवरून डेहराडूनच्या कार्यालयात सागरी नकाशे तयार होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलात दाखल झालेले ‘संधायक’ याच कामाचे. ते काम बाजूला ठेवून जहाज माणसांसाठी वळले, हे मला फार मोठे वाटते.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, त्यामुळे इथे पायदळ घरोघरी ठाऊक. कारवारला एवढा मोठा तळ असूनही नौदल मात्र लांबचे वाटते. आपल्या ताटातला बांगडा त्याच किनाऱ्यावरून घाट चढून येतो!

विनंती एवढीच, की संकटसंदेश पाठवणाऱ्या चालू यंत्राशिवाय एकही बोट बंदराबाहेर सोडू नये. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)