अमरत्व कोणाला परवडते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दीर्घायुष्यावरील संशोधनाचा लेख वाचला. पेशींचे वार्धक्य, निकामी अवयव बदलण्याचे प्रयोग हे सारे लेखकाने सोपे करून सांगितले आहे. मात्र जाता जाता त्यांनी जपानी ॲनिमेशनवर एक शेरा मारला आहे. तिथल्या विज्ञानकथांना यंत्राची धास्ती वाटते, म्हणून त्यांत अमर झालेला माणूस हटकून दुःखी दाखवतात, असे ते म्हणतात. हे मुळीच पटले नाही. माझ्या मुलीमुळे मी या चित्रपटांकडे वळले आणि त्यांनी मला पुष्कळ दिले आहे, म्हणून हे पत्र.

या कथांना यंत्राची भीती नाही. त्या विचारतात ते एवढेच, की मरण टळले, पण त्याची किंमत कोणी मोजली?

१९६३ साली जपानी दूरचित्रवाणीवर ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका सुरू झाली. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी डॉ. तेन्मा हुबेहूब तसाच यंत्रमानव घडवतात. पण तो वाढत नाही, वर्षे गेली तरी तेवढाच राहतो. चिडलेला बाप त्याला सर्कसवाल्याला विकून टाकतो. तेझुका वैद्यकशास्त्र शिकलेले होते. त्यांनी या गोष्टीत दोष यंत्राला दिला नाही, बापाच्या हट्टाला दिला.

खरा विचार करायला लावते ती लेइजी मात्सुमोतो यांची ‘गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९’. १९७७ साली चित्रकथा, पुढच्या वर्षी मालिका आणि १९७९ मध्ये रिंतारो यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्या भविष्यात श्रीमंत लोक यांत्रिक शरीर विकत घेऊन शेकडो वर्षे जगतात. गरिबांच्या वाट्याला हाडामांसाचेच शरीर उरते. काउंट मेका नावाचा यांत्रिक सरदार करमणूक म्हणून माणसांची शिकार करतो. तेत्सुरो या गरीब मुलाच्या आईला मारून तो तिचा देह पेंढा भरून दिवाणखान्यात टांगतो. या पोराला यांत्रिक शरीर हवे असते ते याचा सूड घेण्यासाठी. जिथे ते फुकट मिळते अशा ग्रहाकडे जाणाऱ्या, वाफेच्या इंजिनाच्या आगगाडीत तो मेतेल नावाच्या स्त्रीबरोबर बसतो. मात्सुमोतो स्वतः तरुण वयात, खिशात फारसे काही नसताना, क्यूशूहून रेल्वेने तोक्योला आले होते. गाडीच्या खिडकीपाशी बसलेल्या पोराच्या डोळ्यांतली आशा त्यांनी अनुभवातून काढली आहे, असे मला नेहमी वाटते.

वाटेत प्लूटो लागतो. यांत्रिक शरीर घेतलेल्यांनी टाकून दिलेले मूळ देह तिथे बर्फाखाली रांगेने ठेवलेले आहेत. त्यांची राखण करणाऱ्या शॅडोला चेहराच नाही. आपल्या मूळ चेहऱ्याइतका सुंदर यांत्रिक चेहरा तिला कुठे मिळालाच नाही, म्हणून ती बिनचेहऱ्याची राहिली. गाडीतच क्लेअर नावाची सेविका आहे. तिच्या आईने दिखाव्याच्या हौसेपायी तिला काचेचे शरीर घ्यायला लावले, आणि आता ती पगारातले पैसे साठवून आपला जुना देह परत मिळवू पाहते. शेवटी तेत्सुरोला वाचवताना तिचे तुकडे होतात. अख्ख्या चित्रपटात इतकी माणुसकी दाखवणारी पात्रे थोडी, आणि ही तर नखशिखांत काचेची. यंत्राला घाबरणाऱ्या कथेत क्लेअर असती का?

प्रवासाच्या टोकाला तेत्सुरोला कळते, की फुकट शरीर म्हणजे त्या ग्रहाच्या यंत्रणेतला एक स्क्रू होणे. अमर व्हायचे, पण दुसऱ्याच्या राज्याचा सुटा भाग म्हणून.

आपल्याकडेही चिरंजीव आहेत. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा मराठी घरांतून अजून सांगितला जातो. पण त्याचे अमरत्व हा शाप होता. मात्सुमोतोंच्या जगात ते बाजारात मिळते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे काय होते, हे त्यामुळे उघड मांडावे लागते.

१९९५ च्या मामोरु ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये बाजू उलटी आहे. संगणकाच्या जाळ्यात जन्मलेली एक प्रज्ञा स्वतःला सजीव म्हणवते आणि राजकीय आश्रय मागते. आपल्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, पण प्रत म्हणजे संतती नव्हे आणि आपल्याला मरणही नाही, ही तिची खंत आहे. म्हणून ती यांत्रिक शरीराच्या सुरक्षा अधिकारी मेजर कुसानागीशी एकरूप व्हायला निघते. मेजरचे शरीर सरकारने दिलेले. नोकरी सोडली तर ते परत करावे लागणार, आणि त्याबरोबर आठवणीही. त्याच चित्रपटात कचऱ्याची गाडी चालवणारा एक माणूस आहे. बायको आणि मुलीच्या ज्या आठवणींवर तो जगतो त्या कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलेल्या. ज्या फोटोत त्याला मुलगी दिसायची, त्यात प्रत्यक्षात तो एकटाच असतो. हा प्रसंग पाहून गलबलून येते. इथेही कळवळा त्या माणसाविषयी आहे, तंत्रज्ञानाला शिव्याशाप नाहीत.

‘लँड ऑफ द लस्ट्रस’ (२०१७) या मालिकेविषयी थोडक्यात. त्यातले नायक रत्ने आहेत, त्यांना मरण नाही, तुटले तरी चिकटवता येतात. पण जो तुकडा हरवतो त्याबरोबर तेवढ्या आठवणीही जातात. त्यांच्यातली फॉस आधी पाय गमावते, मग हात, दर वेळी नव्या द्रव्याने भर पडते, आणि ती अधिकाधिक बलवान होत जाते. मागची फॉस मात्र उरत नाही.

लेखकाने आपल्या लेखात उपचारांच्या शक्यता सांगितल्या. त्यांचा खर्च किती आणि ते सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्यांपर्यंत पोहोचतील का, याबद्दल एक ओळही नाही. पुढील लेखात तो भाग यावा. आणि शुक्रवारच्या चित्रपट परीक्षणांच्या पानावर या ॲनिमेशनपटांनाही जागा मिळावी. आपल्याकडची कितीतरी कॉलेजची मुले ते मन लावून पाहतात आणि त्यावर तळमळीने बोलतात. त्यांच्यापैकीच कुणाकडून लिहून घेता आले तर फार बरे होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक, सांगली