बाणकोटच्या तटातला पिंपळ

प्रिय मित्रा,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा हवं तेवढं रागव. इकडे सगळे बरे आहेत. पण तू पोरं घेऊन बाणकोट किल्ल्याचा तट साफ करायला निघालास असं अप्पांकडून कळलं, आणि लिहिल्यावाचून राहवेना.

तटातला पिंपळ कुणाला उपटू देऊ नकोस. वर दिसतं बोटाएवढं रोप, पण मुळं जांभ्याच्या सांध्यांतून पार आत गेलेली असतात. ओढलं की सोबत दोन चिरे येतात, आणि त्या भगदाडातून पावसाचं पाणी तटाच्या पोटात शिरतं. नुसता छाटला तर पुढच्या पावसात दुप्पट फुटतो. खोड करवतीने कापायचं आणि ताज्या कापावर लगेच मूळ मारायचं औषध लावायचं. तेही पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीने, त्यांच्या माणसाच्या हातून. मूळ पुरतं वाळल्यावरच सुटे चिरे एकेक काढायचे. त्याआधी फोटो, आणि प्रत्येक चिऱ्यावर खडूने नंबर.

आपलं जुनं भांडण इथेच मिटवतो, म्हणजे पोरांना चुकीचं सांगणार नाहीस. बाणकोट किल्ल्याचं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे इंग्रजी नाव व्हिक्टोरिया राणीवरून नाही! १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. तो पेशव्यांना देऊन १२ ऑक्टोबरच्या तहाने त्यांनी बाणकोट पदरात पाडून घेतलं. सावित्री नदीच्या मुखावरचं एवढंसं गाव, पण कोकणच्या मुख्य भूमीवर त्यांच्या मालकीची ती पहिली जागा. हिंमतगड हे या किल्ल्याचं जुनं नाव; त्याचं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे बारसं त्याच काळातलं. राणी जन्मली १८१९ मध्ये. अरे, तिची आजी लग्न होऊन इंग्लंडात आली तीच १७६१ साली!

पण माझा जीव अडकलाय तो सिमेंटमध्ये. कुणी फुकट गोणी दिली तरी घेऊ नकोस. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. सांध्यात सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायला चिराच उरतो. मग सांधा शाबूत राहतो आणि चिरा भुगा होऊन गळतो. चुनाच हवा, नीट भिजवून मुरवलेला, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. भरल्यावर ओली गोणपाटं टाकून निदान आठवडाभर ओलावा टिकव, नाहीतर चुना पीठ होऊन झडतो. म्हणून उन्हाळ्यात नको, पाऊस सरल्यावर घे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीला निकालाबद्दल शाबासकी सांग.

आणि वाळू! खाडी समोर आहे म्हणून तिथली उचलाल. तिच्यातलं मीठ सुकताना फुगतं आणि चिऱ्याचे पापुद्रे काढतं. वाळू गोड्या पाण्यातली आण, आणि जिभेवर कण ठेवून बघ.

तुझा,
तोच