चूक जोड लावणाऱ्यांची होती

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर अगदी तळाला एक चौकट होती. शीर्षक 'हसू आवरेना'. आत चार ओळी: आइस हॉकीच्या एका सामन्यात दक्षिण कोरियाने थायलंडला ९२-० असं हरवलं, एकाच खेळाडूने ३१ गोल केले, आणि शेवटी 'थायलंडचा गोलरक्षक बहुधा चहाला गेला असावा' अशी कोटी. नातवाने ती मोठ्याने वाचून दाखवली. घरातले सगळे हसले, मीही हसलो. नंतर मात्र ती कोटी दिवसभर खड्यासारखी टोचत राहिली, म्हणून हे पत्र.

आकडे बरोबर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मार्च १९९८ मध्ये चीनच्या हार्बिन शहरात हा सामना झाला आणि ते ३१ गोल सोंग डोंग-ह्वान याचे. पण हा सामना अठरा वर्षांखालच्या मुलांचा होता, हे चौकटीत कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं, देशाचा पुरुष संघ उतरला आणि त्याची नाचक्की झाली. प्रत्यक्षात ती अकरावी-बारावीच्या वयाची पोरं होती.

हिशेब करून बघा. आइस हॉकीत वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, म्हणजे ३६०० सेकंद. त्यात ९२ गोल, म्हणजे दर ३९ सेकंदांना एक. गोल झाला की घड्याळ थांबतं, त्यामुळे हे ३९ सेकंद निव्वळ खेळाचे. प्रत्येक गोलनंतर पंच जाळ्यातली चकती (तिला पक म्हणतात) काढून घेतो, दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध येतात, दोघे जण समोरासमोर वाकून स्टिक बर्फाला टेकवतात आणि पंच त्यांच्या मध्ये पक टाकतो. त्या दिवशी थायलंडच्या पोरांना नव्वदहून जास्त वेळा असं मधोमध येऊन वाकावं लागलं. चहाला कुणीच गेलं नव्हतं.

इथे पुण्यातली एक जुनी गोष्ट आठवते. १९४८ च्या डिसेंबरात रणजी सामन्यात महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताशी आला होता. तेव्हा काठियावाडच्या कप्तानाने आणखी खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला आणि निंबाळकरांचा विक्रम हुकला. आपल्याकडे अजून त्याची हळहळ होते आणि कप्तानाला नावं ठेवली जातात. ते मोठे, जाणते खेळाडू होते. थायलंडची पोरं साठावं मिनिट संपेपर्यंत बर्फावर उभी होती. चौकटच छापायची होती तर ही छापायला काय हरकत होती?

आता मूळ मुद्दा. मी सातारा जिल्ह्यातला, म्हणजे कुस्तीच्या मुलखातला. आमच्याकडे जत्रेच्या फडात पंच आधी जोड बघतात. वजन, वय, तयारी, तालीम बघून, हात लावून अंदाज घेऊन मगच नावं पुकारतात. कुस्ती एकतर्फी झाली की फडावरचे जाणते पडलेल्या पोराला हसत नाहीत. 'जोड कुणी लावली रे?' म्हणून पंचांना विचारतात. हार्बिनला जोडच चुकली होती. ज्या देशात तेव्हा स्केटिंग येणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्याला कोरियासमोर उभं केलं होतं. शिवाय या खेळात पाच-पाच जणांच्या तुकड्या पाऊण-एक मिनिटाला बदलत राहतात, इतका दम निघतो. ज्याच्याकडे चार चांगल्या तुकड्या आहेत, त्याचे पाय शेवटपर्यंत ताजे राहतात. ज्याची जेमतेम एक तुकडी आहे, त्याचा पहिल्या डावातच निकाल लागतो. गोलरक्षक बदलून तो फरक भरत नाही.

चुकीच्या जोडीवरचा इलाजही याच खेळात आहे, आणि क्रीडा पानावर त्याचीच कधी बातमी येत नाही. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा, जिच्यासाठी कॅनडात लोक दूरचित्रवाणीपुढून हलत नाहीत, ती फक्त दहा देशांची. त्याखाली पहिला, दुसरा आणि तिसरा विभाग, त्यांत पुन्हा अ आणि ब असे गट. गटात साधारण सहा देश, एका आठवड्यात प्रत्येकाशी एक सामना. पहिला येणारा वरच्या गटात जातो, शेवटचा खालच्या. सगळ्यात खालचा विभाग बहुधा जानेवारीत खेळतात, आणि तोही कुठे कुठे! २०१५ ला न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात. पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीत. २०१९ ला रेक्याविकला. यजमान आइसलँडची गोष्ट सोडा, पण ऑस्ट्रेलियाची आणि दक्षिण आफ्रिकेची पोरं तिथे हॉकी खेळायला गेली होती, हे वाचायला कुणाला आवडणार नाही? यातला एकही देश सामना हरल्याची बातमी होत नाही, जिंकल्याची तर नाहीच. पण या सामन्यांचे निकाल ३-२, ४-१, जादा वेळेत ५-४ असेही लागतात. जोड बरोबर लागली की असंच होतं. एकतर्फी सामने तिथेही होतात, नाही असं नाही. पण मग पुढच्या वर्षी तो संघ वर तरी जातो नाहीतर खाली तरी.

खालच्या पायरीवर खेळणारा तिथेच राहतो असंही नाही. आन्झे कोपितार हा स्लोव्हेनियाच्या एका छोट्या गावातला मुलगा. कुमार वयात देशाकडून तो पहिल्या विभागात, म्हणजे वरच्या देशांच्या खालच्याच पायरीवर खेळला. पुढे तो एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, गेलेला पहिला स्लोव्हेन ठरला आणि लॉस एंजेलिसच्या संघाबरोबर २०१२ आणि २०१४ असे दोनदा त्या लीगचा स्टॅन्ली चषक जिंकला.

आणि कोरियाचंच घ्या. पोरांना ९२ गोल मारणारा हा देश बरोबर वीस वर्षांनी, २०१८ ला, पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा सर्वांत वरच्या गटात पोचला. सातही सामने हरला, कॅनडाने ०-१० आणि अमेरिकेने १-१३ असं धुतलं, आणि लगेच खाली आला. त्यावर आपल्याकडे चौकट आल्याचं मला आठवत नाही. थायलंडने तो खेळ सोडला नाही. त्याचा पुरुष संघ आता जागतिक स्पर्धेच्या खालच्या विभागांत खेळतो, आणि बँकॉकच्या बर्फावर बाहेरचे देश स्पर्धांना येतात. २०१७ ला आपल्या मुलींनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, फिलिपिन्सवर ४-३ असा, तोही बँकॉकमध्येच.

मला यातलं कळायचं कारण म्हणजे फौजेत असताना नव्वदच्या आसपास दोन हिवाळे लेहला काढले. मी रसद खात्यातला, बर्फावर कधी सरळ उभाही राहिलो नाही. पण तळं गोठलं की रात्री त्यावर पाण्याचा पातळ थर सोडायचा, सकाळी झाडूने भुसभुशीत बर्फ बाजूला करायचा, ही कामं केली. तिथल्या पोरांकडे स्केट्स नव्हते. फौजी बुटांच्या तळाला लोहाराकडून पोलादी पात्या ठोकून घेतलेल्या. पक म्हणून रबरी टाचेचा गोल कापलेला तुकडा. एकदा आमच्या स्थानिक जवानांचा संघ आणि शाळेची पोरं असा सामना लागला, आणि माझ्याकडे पाटी-खडू दिली. गोलवर उभ्या मुलाच्या पायांना क्रिकेटचे पॅड, तेही मांडीपर्यंत येणारे. गोल व्हायला लागले तसे आमचे सुभेदारसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, आता लिहू नकोस, पोराला वाईट वाटेल. मी चौदावर थांबलो. सामना संपल्यावर तो मुलगा घसरत माझ्याकडे आला, पाटी बघितली आणि म्हणाला, "सर, पंद्रह हुआ. एक आपने छोड दिया." मी एक रेघ वाढवली. मग तो पॅड सोडायला गेला. बोटं इतकी गारठली होती की बंद सुटेनात, शेवटी मी सोडून दिले. पुढच्या हिवाळ्याआधी माझी बदली झाली.

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. पण वीस वर्षांखालच्यांच्या जागतिक स्पर्धेत, त्या सर्वांत खालच्या पायरीवरसुद्धा, आपला संघ अजून उतरलेला नाही. ज्या थायलंडला आपण हसलो त्याने निदान पोरं उतरवली. आपल्याकडे नैसर्गिक बर्फ दीड-दोन महिन्यांचा. देहरादूनचं बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं, मग ते वर्षानुवर्षं कुलपात राहिलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी मुलींनी अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणलं. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, म्हणजे त्याच गोठलेल्या तळ्यांवरच्या. ती बातमी आपल्या पानावर आली होती का, मी शोधली; आली असेल तर माझ्या नजरेतून सुटली. चौकट मात्र कुणाच्याच नजरेतून सुटली नाही.

मागणं फार नाही. परदेशी फुटबॉलच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या खेळाडूंच्या बदल्याही आपण रकाना भरून छापता. जानेवारीत या खालच्या विभागाचा अंतिम तक्ता, सहा देश आणि त्यांचे गुण, एवढ्या सहा ओळी छापाव्यात. आणि त्या चौकटीत एक दुरुस्ती करावी: 'थायलंडचा संघ' याच्या जागी 'थायलंडचा अठरा वर्षांखालील मुलांचा संघ'. नातवाला मी तेवढं पेनने लिहून दिलंय.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती)