गोधडीच्या नवशिक्या वर्गासाठी कापड, मशीन आणि तुमचा थोडा वेळ हवाय

नमस्कार मंडळी,

ज्यांनी कधी सुई हातात धरलेली नाही अशांसाठी आपलं मंडळ क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून करायच्या गोधडीचा वर्ग सुरू करतंय. शिकवणारे तयार आहेत, हॉल आहे, नावंही आलीत, पण सामान कमी पडतंय.

आधी कापडाचं बोलू. घरात नको असलेलं सगळं वर्गाला देऊ असं बऱ्याच जणांना वाटतं, भावना चांगलीच असते, पण नवशिक्याला चांगलं कापड मिळायलाच हवं. मुरलेला हात कशातूनही काहीतरी घडवतो, नवीन माणसाच्या वाट्याला टीशर्टचं ताणणारं कापड आलं की चौकोन कापतानाच वाकडा होतो, पॉलिएस्टर गरम इस्त्रीखाली आकसतं, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. मग तो पुढच्या वेळी येत नाही हो! म्हणून शंभर टक्के सुती, मध्यम जाडीचं, न विरलेलं कापड द्या. जुने कॉटनचे शर्ट, कुर्ते चालतील, बटणं आणि शिवणी आम्ही काढू. फक्त एकदा धुऊन द्या म्हणजे आटायचं ते आटून जाईल, आणि गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर ते नको. तळहाताएवढा तुकडाही घेऊ, कारण सुरुवात नाइन पॅचने आहे: अडीच इंचाचे ९ चौकोन, तीन ओळींत तीन-तीन, पाव इंच शिवण धरून जोडले की साडेसहा इंचाचा ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक मोठा चौकोनी तुकडा.

त्या पाव इंचातच अर्धा वर्ग आहे खरं तर. मोठ्या गोधडीच्या एका ओळीत ९ चौकोन असले की ८ शिवणी येतात, प्रत्येक शिवण १ मिमी जास्त आत गेली तर दोन्हीकडचं मिळून २ मिमी जातं, म्हणजे ओळ १६ मिमी आखूड, आणि मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळतच नाहीत. त्यामुळे सरळ, एकसारखी टीप घालणारी मशीन हवीत. पायाचं चालेल, जुनं चालेल, डिझाइनची काही गरज नाही, बिघडलेलं मात्र नको. कायमचं द्यायचं नसेल तर वर्ग चालू असेपर्यंत वापरायला द्या.

रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), त्याखाली ठेवायची कटिंग मॅट आणि पारदर्शक पट्ट्याही लागतील. कटरला लॉक हवंच, आणि पाती नवीच द्या, बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि तेव्हाच हात घसरतो.

गोधडीच्या वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधे घालायचा मऊ थर, म्हणजे बॅटिंग, कुणाच्या घरात पडलेलं नसतं, ते विकतच आणावं लागतं. जमा होणारे पैसे आधी त्यालाच जातील, कमीजास्त कितीही द्या, पावती मिळेल.

आणि माणसं! इस्त्री घासत न नेता उचलून दाबायची, तिन्ही थर सेफ्टी पिनांनी चार-चार बोटांवर टाचायचे, हे फळ्यावर सांगून कळत नाही, शेजारी बसून दाखवावं लागतं. ज्यांना धावदोरा नीट येतो त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्या ना, शिकवायचा अनुभव नसला तरी चालेल.

सामान मंडळाच्या ऑफिसात आणून द्या. पिशवीवर आत काय आहे ते लिहा, मशीन परत हवं असेल तर त्याला नावाची चिठ्ठी बांधा.