पासवर्ड काढताना कीबोर्ड-माऊस बंद पडला, तर लगेच फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध संस्थेचा सचिव बदलतो, पतसंस्थेतला क्लार्क नोकरी सोडून जातो, आणि ऑफिसच्या संगणकाचा पासवर्डही त्याच्याबरोबरच जातो. दहा दिवसांचे दूध बिल तोंडावर आलेले असते. मग कोणीतरी पासवर्ड काढायचा पेन ड्राइव्ह आणतो. संगणक त्यावरून सुरू होतो, पडद्यावर खात्यांची नावे येतात, मधोमध बाणही दिसतो. पण माऊस हलत नाही आणि कीबोर्डचे एकही बटण चालत नाही. इथून पुढचा प्रवास कोल्हापुरात सगळीकडे सारखाच. आधी ‘कीबोर्ड गेला’, मग ‘मदरबोर्ड गेला’, आणि शेवटी ‘फॉरमॅट मारूया’. टॅलीची खाती, सभासदांच्या नोंदी, ठेवींच्या याद्या त्यात पुसल्या जातात, आणि संगणकात बिघाड मात्र काहीच नसतो. राजारामपुरीपासून शिरोली एमआयडीसीपर्यंत दुरुस्तीची कामे करणाऱ्या आम्हा काही जणांना हे नुकसान बघवत नाही, म्हणून हे पत्र.

मुळात हे घडते का, ते आधी सांगतो. संगणक चालू केल्यावर सुरुवातीला कीबोर्ड बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, ताब्यात असतो. पेन ड्राइव्हवरचा प्रोग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात विंडोजची किंवा लिनक्सची एक छोटी आवृत्ती असते. ती उभी राहिली की बायोसकडून यूएसबीचा सगळा कारभार स्वतःकडे घेते. त्या पोर्टचा ड्रायव्हर (तो पोर्ट चालवणारा छोटा प्रोग्रॅम) तिच्याकडे नसेल, तर कीबोर्डला वाली उरत नाही. मग पडदा तरी कसा दिसतो? कारण ‘विंडोज इज लोडिंग फाइल्स’ ही पट्टी सरकत असतानाच, बायोसच्या मदतीने, सगळा प्रोग्रॅम रॅममध्ये चढलेला असतो. त्यानंतर खुद्द तो पेन ड्राइव्हसुद्धा त्या प्रोग्रॅमला दिसत नसतो. पेन ड्राइव्हमधली फाइल उघडायला गेल्यावर ड्राइव्हच सापडत नाही, त्याचेही कारण हेच.

यात २०१५ हे वर्ष महत्त्वाचे. त्याआधीच्या इंटेल बोर्डांवर यूएसबी २ आणि यूएसबी ३ यांचे कंट्रोलर, म्हणजे पोर्ट चालवणारे भाग, वेगवेगळे असत. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर जे १०० मालिकेचे चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा) आले, त्यांतून जुना कंट्रोलर काढून टाकला गेला. यूएसबी २ चे काळे पोर्टही नव्या, यूएसबी ३ च्या, एक्सएचसीआय कंट्रोलरवरच चालू लागले. २०१७ नंतरच्या एएमडी रायझन बोर्डांचीही तीच गत. विंडोज ७ च्या काळातल्या छोट्या विंडोजमध्ये या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, विंडोज ८ पासून पुढे तो आहे. म्हणून दहा वर्षे बिनतक्रार चाललेला पेन ड्राइव्ह किंवा सीडी नव्या संगणकावर अचानक ‘चालत नाही’. खोट संगणकात नसते, जुन्या पेन ड्राइव्हमध्ये असते.

आता निदान. कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडतो, एवढेच आधी बघायचे. चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जाता येते का? बूट मेनूत, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा त्या यादीत, बाणाची बटणे चालतात का? आणि प्रोग्रॅमचा पडदा आल्यावर कॅप्स लॉक दाबला की कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? बायोसमध्ये चालतो आणि प्रोग्रॅममध्ये दिवाही हलत नाही, म्हणजे ड्रायव्हरचीच अडचण, कीबोर्ड शाबूत आहे. दिवा लागतो पण पडद्यावर काही उमटत नाही, म्हणजे कीबोर्ड पोहोचला आहे आणि प्रोग्रॅम अडकला आहे. माऊसखालच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. तो फक्त पोर्टमध्ये ५ व्होल्ट येत असल्याचे सांगतो. काही लिनक्सवरचे प्रोग्रॅम तर निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर चालतात. तिथे माऊस चालणारच नाही, आकडा टाइप करून एंटर मारायचा, बस्स.

बायोसमध्येसुद्धा कीबोर्ड चालत नसेल तर बहुधा ‘फास्ट बूट’ चालू असते. वेळ वाचवण्यासाठी बायोस यूएसबीकडे बघतच नाही. यावर एक सोपा मार्ग आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक आहे. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर माऊस चालतो ना? मग उजव्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावर जा, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचे बायोस. यासाठी लॉगिनचा पासवर्ड लागत नाही. त्याच मेनूत ‘यूज अ डिव्हाइस’ दिसले तर पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करता येते. रीस्टार्टचा आणखी एक फायदा: नुसते शटडाउन केले की विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्सवरचे प्रोग्रॅम त्या डिस्कवर लिहायला नकार देतात. रीस्टार्टने ती अडचण येत नाही.

मदरबोर्डवरचा गोल सेल काढून बायोस साफ करण्याची सवय अनेकांना आहे. त्यात धोका आहे. सेल काढला की डिस्क कशी जोडायची ती एएचसीआय-रेडची सेटिंगही मूळपदावर जाते आणि विंडोज उभेच राहत नाही; डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय सेलला हात लावू नये.

प्रोग्रॅममध्ये कीबोर्ड बंद पडत असेल तर स्वस्तातले उपाय आधी करा. संगणक पूर्ण बंद करा. प्रिंटर, वेबकॅम, बायोमेट्रिक, हब, सगळे काढा. साधा वायरचा कीबोर्ड मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. ब्लूटूथचा कीबोर्ड इथे उपयोगाचा नाही. बोर्ड २०१५ च्या आधीचा असेल तर यूएसबी ३ चा निळा पोर्ट टाळून काळा घ्या. पडदा आल्यावर दोन मिनिटे थांबा, मग कीबोर्ड काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. कधी कधी ओळख पटायला तेवढे पुरते.

पुढच्या पोर्टांबद्दल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला हवे. उद्यमनगरात आणि फौंड्रीच्या ऑफिसांत लोखंडाची भुकटी या पोर्टांमध्ये जाऊन बसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर वाळवून चालू केलेल्या संगणकांच्या पोर्टांत पत्रा गंजलेला असू शकतो. आतली पट्टी वाकून दोन पिना चिकटल्या की ‘यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट’ असा इशारा येतो आणि १५ सेकंदांत संगणक बंद होतो. अशा वेळी कॅबिनेट उघडून पुढच्या पोर्टांची ९ पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवा आणि फक्त मागचे पोर्ट वापरा.

सगळ्यात खात्रीचा उपाय जुनाच आहे: गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड. मागे जांभळी किंवा अर्धी जांभळी-अर्धी हिरवी गोल खाच असेल तर हा लावा. तो यूएसबीच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे एक्सएचसीआयचा प्रश्नच येत नाही. फक्त तो संगणक बंद असताना लावायचा. चालू संगणकात लावला तर तो ओळखला जाईलच असे नाही. यूएसबी कीबोर्डला लावायचे छोटे कन्व्हर्टर मिळतात, पण ते नुसते तारांची अदलाबदल करतात. कीबोर्डच्या आतली चिप दोन्ही भाषा बोलणारी असेल तरच ते चालतात. आजच्या बहुतेक कीबोर्डांत तशी चिप नसते, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

गोल खाच नसेल तर बायोसमधल्या चार गोष्टी पाहा. ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू असावा. ‘एक्सएचसीआय हँडऑफ’ चालू करून पाहा, नाही जमले तर बंद करून. ‘पोर्ट ६०/६४ एम्युलेशन’ असेल तर चालू करा, म्हणजे बायोस यूएसबी कीबोर्डला जुन्या कीबोर्डचा वेश देतो. २०१२ ते २०१४ च्या इंटेल बोर्डांवर ‘एक्सएचसीआय मोड’ अशी ओळ असते. ती ‘डिसेबल्ड’ केली की सगळे पोर्ट जुन्या कंट्रोलरकडे जातात आणि विंडोज ७ च्या काळातला पेन ड्राइव्हही सुरळीत चालतो. एका वेळी एकच बदल करा. चार एकदम बदलले की कशाने सुटले ते कळत नाही, आणि परत फिरवताना गोंधळ होतो.

खरे तर नव्या बोर्डांवर हा खटाटोप करण्यापेक्षा पेन ड्राइव्ह नवा बनवणे शहाणपणाचे. त्याच प्रोग्रॅमची विंडोज १० किंवा ११ वर उभी असलेली आवृत्ती घ्या. रूफससारख्या साधनाने लिहिताना संगणक यूईएफआयवर असेल तर जीपीटी, जुन्या बायोसवर असेल तर एमबीआर निवडा; हे डिस्कच्या मांडणीचे दोन प्रकार. जुनीच आवृत्ती वापरणे भाग असेल तर तिच्यात ड्रायव्हर आधीच घालावा लागतो, कारण एकदा पडदा आला की घालायला कीबोर्डच नसतो. पेन ड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमधली बूट डॉट विम (ती छोटी विंडोज असलेली) ही फाइल दुसऱ्या संगणकावर डिझम या विंडोजच्याच आज्ञेने रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, म्हणजे तिथे उघडायची, त्यात ड्रायव्हरचे फोल्डर ‘ॲड ड्रायव्हर’ने जोडायचे आणि ‘कमिट’ (बदल जतन करा) लिहून अनमाउंट, म्हणजे बंद, करायचे. इथे तीन चुका हमखास होतात. कमिट विसरतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर घालतो पण हबचा राहतो. इंटेलच्या संचात दोन्ही वेगळे असतात आणि दोन्ही लागतात. तिसरी, ६४ बिटच्या फाइलमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर घातला जातो. ड्रायव्हरही विंडोज ७ चाच हवा.

लॅपटॉपचे चित्र उलटे असते. आतला कीबोर्ड बहुतेक वेळा जुन्या पीएस/२ पद्धतीनेच जोडलेला असतो, त्यामुळे तो चालतो. टचपॅड मात्र आयटूसी नावाच्या वेगळ्या वाटेने जोडलेले असल्याने निपचित पडते. टॅब, बाण, स्पेस आणि एंटर एवढ्यावर काम होते.

विंडोज ११ च्या स्वतःच्या रिकव्हरी पडद्यावर असाच प्रकार दिसला तर कारण वेगळे असू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या केबी ५०६६८३५ या अपडेटने त्या पडद्यावरचे यूएसबी कीबोर्ड आणि माऊस बंद पाडले होते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी ५०७०७७३ देऊन ते दुरुस्त केले. मधल्या काळात अडकून राहिलेल्या संगणकावर पीएस/२ कीबोर्ड, टचस्क्रीन किंवा बाहेरचा रिकव्हरी पेन ड्राइव्ह हेच मार्ग आहेत.

आणि हे सगळे करण्याआधी एक विचारा: पासवर्ड काढायची खरोखर गरज आहे का? खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर मोबाइलवरून पासवर्ड बदलता येतो. संगणकापुरतेच खाते असेल तर विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून सुरक्षा प्रश्नांची सोय आहे. चुकीचा पासवर्ड दिला की ‘रीसेट पासवर्ड’ दिसते. फक्त डेटा हवा असेल आणि डिस्क बिटलॉकरने बंद नसेल, तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला लावा आणि टॅलीचे डेटा फोल्डर उतरवून घ्या. आमच्या मते ही प्रत पासवर्ड काढण्याआधी घ्यायलाच हवी, प्रत्येक वेळी. बिटलॉकर असेल आणि ४८ अंकी की हाती नसेल, तर कोणताही प्रोग्रॅम उपयोगी पडत नाही. चालतो असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. बाहेरून पासवर्ड पुसला की ब्राउझरमधले जपून ठेवलेले पासवर्ड आणि विंडोजमध्येच एन्क्रिप्ट केलेल्या फाइली उघडत नाहीत, हेही मालकाला आधी सांगावे.

संस्थांना आमची विनंती आहे. पासवर्ड माहीत असतानाच, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह प्रत्येक संगणकावर एकदा चालू करून पाहा आणि कीबोर्ड हलतो का एवढे बघून बाहेर पडा. कोणत्या पोर्टवर चालला ते कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवून लिहा. एक पीएस/२ कीबोर्ड कपाटात ठेवा. अध्यक्षांच्या नावे दुसरे ॲडमिन खाते उघडा आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. आयटीआयच्या कोपा (संगणक चालकाच्या) वर्गातही हा टप्प्याटप्प्याने निदानाचा धडा प्रत्यक्ष संगणकावर घ्यावा. दोन तासांचे काम आहे.

दुरुस्तीवाल्या बांधवांना एक सांगणे: मालकाच्या किंवा संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र हातात आल्याशिवाय पेन ड्राइव्ह लावू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्याचे ठरले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या पत्रावर संगणकाचा सीरियल नंबर, तारीख आणि बायोसमध्ये काय बदलले ते लिहा, आणि काम झाल्यावर फोटो बघून प्रत्येक सेटिंग परत जागेवर आणा.

आपले,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील काही जण,
राजारामपुरी, कोल्हापूर