जुनी वस्तू विकणारा प्रत्येक जण लबाड नसतो

संपादक महोदय,

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहारांवरील आपल्या लेखात सगळा दोष विक्रेत्यांच्या माथी मारला आहे, ते पटले नाही. सिडकोतील आमच्या शेजाऱ्यांनी वॉशिंग मशीन विकले. ड्रायरचा आवाज येतो, हे व्हॉट्सॲपवर आधी कळवले, मशीन चालवूनही दाखवले. तरी आठवड्याने सातपूरचे गिऱ्हाईक सगळे पैसे परत मागत दारात हजर! माल विक्री अधिनियम, १९३० नुसार पारखून घेतलेल्या मालाच्या दर्जाची हमी सहसा गृहीत धरली जात नाही. मात्र ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवला, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार ती फसवणूकच. विकणाऱ्याने दोष लेखी कळवावेत, ते संदेश जपून ठेवावेत आणि दारावरच्या आरडाओरड्याला घाबरून पैसे काढून देऊ नयेत.

– एक वाचक, नाशिक